पोटावर सुरी, मानेवर तलवार

‘शोगुन’ (२०२४) मालिकेच्या आठव्या भागात वृद्ध हिरोमात्सू धन्यासमोर पोट चिरतो आणि त्याचं मस्तक उडवायची पाळी पोटच्या मुलावर, बुंतारोवर येते. बघताना आवंढा गिळवत नाही. हा विधी म्हणजे सेप्पुकू. पांढरी वस्त्रं, कागदात गुंडाळलेली आखूड सुरी आणि यातना लांबू नयेत म्हणून मान कापायला उभा असलेला कैशाकुनिन. निष्णात कैशाकुनिन गळ्याकडची थोडी कातडी शाबूत ठेवी. मस्तक घरंगळू नये, पुढे झुकावं. मरणाऱ्याचा मान राखण्याची ही काळजी मला सर्वांत हलवून जाते.

याच मालिकेतल्या मारिकोचं पात्र जिच्यावर बेतलंय, ती होसोकावा ग्राशिया ख्रिस्ती होती. तिच्या धर्मात आत्महत्या पाप. म्हणून १६०० मध्ये ओसाकात, शत्रूची ओलीस होण्याऐवजी तिने घरच्याच सेवकाच्या हातून मरण पत्करलं.