‘हदीद’ : एका अरबी धातुनामाची व्युत्पत्ती व व्याकरण

प्रास्ताविक : मराठीत ‘धातू’ हा शब्द खनिजद्रव्यालाही लावतात आणि क्रियापदाच्या मुळालाही. प्रस्तुत लेखात तो पहिल्या अर्थाने योजला असून दुसऱ्यासाठी ‘मूळ’ हा शब्द वापरला आहे. अरबीत लोखंडाला ‘हदीद’ म्हणतात. कुराणाच्या 57व्या सूरेचे नावही तेच आहे. भगिनी भाषांतील शब्द मात्र निराळा आहे. अक्कादीत ‘पर्झिल्लु’, तर हिब्रूत ‘बर्झेल’. तो सेमिटिक कुळाबाहेरून आला असावा, असे सामान्यतः मानले जाते. अरबीतील रूढ नाम मात्र त्याच भाषेतील ह-द-द या मुळाशी जोडले जाते.

व्युत्पत्ती : कोशकार इब्न फारिस (मृत्यू इ. स. 1004) याने या मुळाचे ‘रोखणे’ व ‘वस्तूची कड’ असे दोन मूलार्थ सांगितले. लोखंड कठीण व दाद न देणारे, म्हणून ‘हदीद’, असे त्याचे मत. ‘धारदार’ या अर्थाशीही या नामाची सांगड घालता येते. कारण कुराणाच्या 50व्या सूरेतील 22व्या आयतीत तीक्ष्ण दृष्टीला ‘हदीद’ हेच विशेषण योजले आहे.

व्याकरण : ‘हदीद’ची घडण ‘फईल’ या साच्यातील आहे. ‘कबीर’ (मोठा), ‘करीम’ (उदार) ही विशेषणे याच साच्यातील होत. म्हणजेच एकच रूप विशेषण व नाम अशी दोन्ही कार्ये करते. ‘हदीद’ हे द्रव्यवाचक नाम. लोखंडाचा एक तुकडा सांगताना स्त्रीलिंगी प्रत्यय लागून ‘हदीदा’ होते व त्याचे अनेकवचन ‘हदाइद’. मधले व्यंजन द्वित्त करून व्यवसायवाचक नाम साधते : ‘हद्दाद’ म्हणजे लोहार, जसे ‘नज्जार’ म्हणजे सुतार.

मराठीशी संबंध : याच मुळातील ‘हद्द’ (कड, सीमा) हा शब्द फारसीमार्गे मराठीत आला आणि ‘सरहद्द’, ‘हद्दपार’ यांत रुळला. हिंदीतील ‘हद’मध्ये द्वित्त गळाले, मराठीने ते राखले. मात्र ‘हद्द’ ही ‘हदीद’पासून निघाली, असे म्हणणे चुकीचे ठरेल. दोन्ही शब्द एकाच मुळाची स्वतंत्र अपत्ये आहेत.

समारोप : उच्चारसाम्य दिसताच एक शब्द दुसऱ्याचा जनक ठरवण्याचा मोह अध्यापनात टाळावयास हवा. अरबी शब्दांच्या बाबतीत आधी मूळ, मग साचा आणि अखेरीस अर्थ हा क्रम पाळल्यास मराठीतील अरबी शब्दांचे नातेही अचूक उलगडते.