भूमिकाखेळातील भुयारांची रचना

पट आणि फासे यांवर आधारलेल्या खेळांची परंपरा फार जुनी आहे; परंतु ज्यात पट खेळाडूंना दाखवावयाचाच नसतो, असा खेळ विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत उदयास आला. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा १९७४ साली प्रसिद्ध झालेला ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा त्याचा आद्य नमुना होय. त्यात सूत्रधार एका भुयारी वास्तूचा आराखडा आलेखकागदावर काढून स्वतःजवळ झाकून ठेवतो. ‘मार्गिका तीस फूट सरळ जाऊन उत्तरेस वळते’, असे तो सांगतो आणि खेळाडू ते ऐकून आपला नकाशा काढीत जातात. म्हणजे भुयार त्यांच्यापर्यंत पोहोचते ते मुख्यतः शब्दांवाटे. त्याची रचना बिकट कशी करावी, या प्रश्नाचा विचार येथूनच सुरू करावयास हवा.

शार्लट लिंड व विल्यम लबॉव्ह यांचा १९७५ सालचा अभ्यास येथे उपयोगी पडतो. न्यूयॉर्कमधील रहिवाशांना आपल्या घराची मांडणी सांगावयास लावली असता जवळजवळ सर्वांनी, पाहुण्याला दारातून आत घेऊन खोल्यांमागून खोल्या फिरवून दाखवाव्या, तसे वर्णन केले. नकाशा समोर धरल्यासारखे बोलणारे अगदीच विरळा. सूत्रधाराचे निवेदनही याच जातीचे असते. निवेदन एका रेषेत चालते. जागा मात्र रेषेत मावत नाही. या दोहोंमधील अंतरातच रचनेचे खरे आव्हान आहे.

समजा, दहा दालने माळेसारखी ओवली आहेत. त्यांत राक्षस कितीही उग्र ठेवले तरी आराखडा खेळाडूला काहीच विचारीत नाही. पुढे जावे किंवा परत फिरावे, एवढेच. झाडासारख्या फांद्या फोडल्या तरी फारसा फरक पडत नाही, कारण प्रत्येक फांदी आंधळी आणि परतीची वाट तीच. परंतु दोन फांद्यांची टोके जोडून वलय केले की सारेच पालटते. पहारेकऱ्यांना वळसा घालता येतो, पाठलाग चुकविता येतो, आणि पाठलाग करणाऱ्यालाही आडवे येण्याची सोय होते. विशेष म्हणजे, येथे वलय आहे असे निवेदनात कोठेच येत नाही. कागदावर रेषेला रेषा मिळते तेव्हाच ते उमगते. कधी दोन रेषा मिळावयास हव्यात त्या मिळत नाहीत, मध्ये वीस फुटांची कोरी जागा उरते आणि गुप्त दालनाचा संशय येतो. हा संशय फाशाने दिलेला नसतो, तर्काने मिळविलेला असतो.

जेनेल जॅक्वेज (१९५६–२०२४) यांच्या ‘कॅव्हर्न्स ऑफ थ्रेसिया’ (१९७९) या भुयाराची कीर्ती यामुळेच टिकली. तेथे आत शिरावयास एकाहून अधिक वाटा आहेत आणि मजलेही उघड व गुप्त अशा अनेक मार्गांनी परस्परांशी जोडलेले आहेत. याउलट गायगॅक्स यांच्या ‘टूम ऑफ हॉरर्स’मध्ये (१९७८) एका चुकीला मृत्यू ठरलेला. त्याचे कौतुक पुष्कळ झाले. परंतु ती परीक्षा सावधपणाची अधिक, मार्ग शोधण्याची कमी.

मार्गाला किंमत येते ती वेळेमुळे. १९८१ च्या प्राथमिक नियमांनुसार ओझे नसलेले पात्र अज्ञात भागात दहा मिनिटांच्या एका पाळीत १२० फूट जाते, मशाल सहा पाळ्या जळते, आणि दर दोन पाळ्यांनी टाकलेल्या फाशावर १ पडल्यास भटके श्वापद गाठते. तेव्हा २४० फुटांची बंद मार्गिका जाऊन-येऊन चार पाळ्या खाते. दोन फासे पडतात आणि गाठ पडण्याचा संभव छत्तिसांत अकरा इतका होतो. रिकामी मार्गिकाही अशी महाग पडते.

मात्र जे बोलून सांगता येत नाही ते आराखड्यात घालणे व्यर्थ. वेड्यावाकड्या नैसर्गिक गुहेची प्रत्येक भिंत सांगत बसले की खेळाचे शुद्धलेखन होते. ‘डावीकडे’ हा शब्दही धोक्याचा. तो बोलणाऱ्याच्या तोंडावर अवलंबून, ‘पश्चिमेस’ तसा नाही. अशा शब्दांनी खेळाडू चुकला, तर दोष सूत्रधाराचा.

१९७४ च्या पुस्तिकांत न जाणवता खाली उतरत जाणाऱ्या मार्गिकांची शिफारस आहे. ही फसवणूक न्याय्य की अन्याय्य, हे निवेदनावर ठरते. फरशीवरून पाण्याचा बारीक ओघळ पुढच्या अंधाराकडे वाहतो आहे, एवढे सूत्रधाराने एकदा सांगितले की पुरे. पाणी तिकडेच का जाते, हे विचारणे खेळाडूचे काम.