पाणी कमी, तरी लघवी वारंवार

सारखं लघवीला जावं लागतं, म्हणजे पाणी जास्त होतंय, असं समजून बहुतेक जण आधी पाणीच तोडतात. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या बाबतीत हा हिशेब अनेकदा उलटा पडतो. पहाटे फडात उतरलं की दिवसभर आडोसा नाही. म्हणून पाणी बेतानं प्यायचं आणि आलेली लघवी दाबायची. निरोगी मूत्राशयात दीड-दोनशे मिलिलिटर लघवी साठली की पहिली जाणीव होते, चारशे-पाचशेपर्यंत ती धरता येते. पण बाईचा मूत्रमार्ग जेमतेम 4 सेंटीमीटरचा. आतड्यातले ई. कोलाय जंतू त्यातून सहज वर चढतात आणि त्यांना धुऊन काढते ती लघवीची धारच. ती तासन्‌तास सुटली नाही, तर जंतूंचं फावतं. मूत्राशयाचं अस्तर सुजलं की चमचाभर लघवीलाही कळ येते, आग होते. याला घरोघरी ‘उन्हाळी लागली’ म्हणतात, आणि पाणी आणखी कमी केलं जातं.

पाणी जास्त प्यायल्यानं हा संसर्ग घटतो, याला भक्कम पुरावा आहे. वारंवार असा संसर्ग होणाऱ्या, पाणी कमी पिणाऱ्या 140 स्त्रियांची चाचणी 2018 साली प्रसिद्ध झाली. रोज दीड लिटर जादा पाणी पिणाऱ्या गटात वर्षभरात संसर्ग सरासरी 1.7 वेळा झाला, इतरांत 3.2 वेळा. यावर कोणी म्हणेल, मधुमेहातही लघवी वारंवार होतेच की. होते, रक्तातली साखर साधारण 180 च्या वर गेली की ती लघवीत उतरते आणि सोबत पाणी ओढून नेते. पण तिथे दर खेपेला लघवी भरपूर होते, संसर्गात थोडी-थोडी. जड मोळ्या उचलून अंग बाहेर येत असेल, तर मूत्राशय पुरतं रिकामं होत नाही, हेही कारण तपासायला हवं.

हा फरक न करता ओटीपोटातल्या प्रत्येक दुखण्याचं खापर गर्भाशयावर फोडणं घातक आहे. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने 2019 मध्ये बीडच्या 82,309 ऊसतोड महिलांची माहिती घेतली, तेव्हा 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. त्यामागची कारणं अनेक होती. पण मूत्राशयाचा संसर्ग त्या शस्त्रक्रियेनं बरा होत नाही. उलट अंडाशयंही काढली, तर इस्ट्रोजेन घटून मूत्रमार्गाचं अस्तर पातळ होतं आणि संसर्गाला आणखी वाव मिळतो. साधी लघवीची तपासणी आधी व्हायला हवी. राहिला आक्षेप, जास्त पाणी पिऊन बाईने फडात जायचं कुठे? तो अगदी रास्त आहे. म्हणूनच फडाजवळचं फिरतं शौचालय आणि मुकादमाने दिलेली मधली सुट्टी यांची गणना औषधोपचारातच करायला हवी, आणि त्याचा खर्च कारखान्याने उचलायला हवा.