जुन्या गाडीची काच नि दारे

चिंचपाड्यासारख्या गावी तुमची जुनी पिकअप अजून माल वाहत असेल, तर पावसाळ्यापूर्वी तिची पुढची काच पाहून घ्या. तडा गेला की खिडकीची साधी काच कापून बसवण्याचा मोह होतो. जुन्या गाडीची काच बहुधा सपाट, त्यामुळे ती बसतेही. पण साधी काच फुटली की तिच्या सुऱ्या होतात, अन् त्या थेट तोंडावर येतात! दोन काचांमध्ये चिवट पापुद्रा असलेली लॅमिनेटेड काच घ्या. तडकली तरी तुकडे पापुद्र्याला धरून राहतात. सपाट असेल तर ती मापाने कापूनही मिळते.

चौकटीचा गंज आधी खरवडा. त्याच्या फुगवट्यावर दाबली की नवी काचही तडकते. मग काचेला रबर चढवा, रबराच्या खाचेत दोरी फिरवा, साबणाचे पाणी लावा. एकाने बाहेरून तळव्याने दाबायचे, दुसऱ्याने आतून दोरी ओढायची. रबराची कड चौकटीवर चढत जाते.

दार लोंबते ते बहुधा बिजागरीची खीळ झिजल्यामुळे. अर्धे उघडून वर उचला. हलले तर खीळ बदला, कडीला ठोकत बसू नका. दाराच्या तळाची बारीक भोके पाणी निघून जाण्यासाठी असतात. पत्र्याचा जोड देताना कारागीर तीच बुजवून टाकतो, तेव्हा जरा जवळ उभे राहा.