तोतयाच्या हातीं कमांड

राजपुरीच्या खाडीच्या एका तीरावर आगरदांडा व समोरच्या तीरावर दिघी. या दोहोंमध्यें वाहनें नेणारी फेरीबोट चालते. समजा, तिच्या फेऱ्यांचा हिशेब ठेवणारा एक प्रोग्राम आहे. ‘आगरदांडा’ व ‘दिघी’ या फोल्डरांत त्या त्या धक्क्याचा हिशेब आहे, आणि ‘आगरदांडा दिघी’ या तिसऱ्यांत रद्द झालेल्या याद्या आहेत. तिसरें फोल्डर पुसावयाचें आहे. प्रोग्राम हें काम स्वतः करीत नाहीं. ‘आरएम’ ही कमांड एका ओळींत लिहून तो ती शेलच्या, म्हणजे आज्ञा वाचून त्या अमलांत आणणाऱ्या कारभाऱ्याच्या, स्वाधीन करतो. नांव अवतरणचिन्हांत नसेल, तर शेल मधली मोकळी जागा पाहून एका नांवाचीं दोन नांवें करतो. रद्दी राहते, आणि दोन्ही धक्क्यांचे हिशेब नाहींसे होतात!

ही निव्वळ कल्पना नव्हे. २०११ सालीं लिनक्सवरील ‘बम्बलबी’ या प्रोग्रामच्या स्थापनेच्या स्क्रिप्टमध्यें अशीच एक जागा अधिक पडली, आणि तो घेणाऱ्या कित्येकांच्या संगणकांतील ‘यूएसआर’ हें सबंध फोल्डर पुसलें गेलें.

मग अशा प्रोग्रामची युनिट टेस्ट, म्हणजे एकेका भागाची स्वतंत्र परीक्षा, कशी घ्यावी? खरी कमांड चालवून पाहणें ही विषाची परीक्षा होय. म्हणून कमांड रचणारा भाग व ती चालविणारा भाग प्रथम वेगळे करावे. परीक्षेच्या वेळीं चालविणाऱ्याच्या जागीं एक तोतया बसवावा. तो कांहींच पुसत नाहीं. हातीं आलेली कमांड तेवढी टिपून ठेवतो. त्याच्या टिपणांत ‘आरएम’, ‘-आर’ व ‘आगरदांडा दिघी’ अशी तीन पदांची यादी मिळाली पाहिजे. चार पदें किंवा एकच सलग ओळ मिळाल्यास प्रोग्राम नापास. पायथनमधील ‘सबप्रोसेस’ अशी यादी शेलला मध्यें न घेतां चालवितें; त्यामुळें नांव फुटण्याचें भयच उरत नाहीं.

दुसरी परीक्षा अपयशाची. काम संपतांच प्रत्येक कमांड एक अंक परत करते. शून्य म्हणजे यश, इतर अंक बहुधा अपयशाचे. तोतयाकडून मुद्दाम एक हा अंक देववावा, आणि तरीही प्रोग्राम ‘काम झालें’ असें सांगतो काय, तें पाहावें.

तथापि तोतया शिकविलें तेवढेंच बोलतो; खऱ्या कमांडचा स्वभाव त्यास ठाऊक नसतो. यास्तव एखाददुसरी परीक्षा खऱ्या कमांडनेंच घ्यावी, मात्र त्यासाठींच निर्माण केलेल्या तात्पुरत्या फोल्डरांत. तेथें जें पुसलें जाईल, त्यानें कोणाचाही हिशेब बुडणार नाहीं.