ब्रेक बदलण्यापूर्वी



यंदाच्या व्याख्यानासाठी कार्यवाहांनी विषय विचारला, तेव्हा मी ‘मोटारीचे ब्रेक’ असे सांगितले. ते हसले. पस्तीस वर्षे साबुदाण्याएवढ्या गोळ्या देणाऱ्या माणसाने लोखंडावर काय बोलावे, असा त्यांचा भाव होता. पण गेल्या वर्षी एका उतारावर हा विषय आपणहून माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि त्यानंतर मी तो सोडला नाही.

माझ्या मुलाने जुन्या बाजारात एक सेडान घेतली. दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन आणि अडीचशेच्या आसपास अश्वशक्ती. दिसायला सभ्य, पण पळायला लागली की पाठ सीटला टेकते. एका नातलगाच्या लग्नासाठी आम्ही बेळगावहून गोव्याला निघालो. गाडीत मुलगा, सून, नातू, पत्नी आणि मी होतो. जांबोटी, कणकुंबी मागे टाकून चोर्ल्याचा उतार सुरू झाला. आमच्याकडे सूर्यास्तापूर्वी जेवायचा नेम आहे. त्यामुळे “जरा लवकर चल की” असे मी दोनदा म्हटले होते, हे आधीच कबूल करतो.

अंजुण्याचे धरण खाली दिसू लागले तेव्हा मुलगा हळूच म्हणाला, “अण्णा, पेडल आत जातंय.” त्याने दोन-तीनदा भराभर पेडल मारले, गिअर खाली आणला आणि एका रुंद वळणावर डोंगराच्या बाजूला गाडी उभी केली. पुढच्या चाकांतून जळका वास येत होता. अर्धा तास आम्ही तिथेच थांबलो. नातवाला मजा वाटत होती. बाकीचे कोणी बोलत नव्हते.

परत आल्यावर मुलाने ठरवून टाकले की मोठे ब्रेक बसवायचे. त्यासाठी तयार संच मिळतात. त्यांत मोठ्या व्यासाच्या डिस्क असतात, चार-सहा पिस्टनचे रंगीत कॅलिपर असतात आणि किंमत दीड लाखाच्या घरात जाते. तो पैसे भरणार होता. मी म्हटले, “आधी आपल्या मेस्त्रींना दाखवू.” मेस्त्री माझे जुने पेशंट. ते म्हणाले, “डॉक्टर, औषध मागाहून सांगतो, आधी दुखणं तर बघू द्या.” माझेच वाक्य त्यांनी मला परत केले.

ब्रेक गाडी थांबवतो असे आपण म्हणतो. खरे तर तो गाडीच्या वेगाची उष्णता करतो. आपल्या गाडीचे वजन १५०० किलो आणि माणसे-सामान ३०० किलो धरा. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या अशा गाडीत जवळजवळ ७ लाख ज्यूल ऊर्जा असते. एवढ्या उष्णतेत दोन लिटरांहून थोडे अधिक पाणी थंडपणापासून उकळीपर्यंत जाते. २००० वॉटच्या शेगडीला त्यासाठी सुमारे सहा मिनिटे लागतील. जोराचा ब्रेक तेच काम तीन-चार सेकंदांत करतो. वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होते, म्हणून ताशी ५० आणि १०० यांत फरक दुपटीचा नसून चौपटीचा असतो.

घाटात आणखी एक गोष्ट घडते. वेग न वाढवताही उतार आपल्याला ऊर्जा देतच राहतो. तीच गाडी ५०० मीटर उंचीवरून खाली आणायची म्हणजे सुमारे ८८ लाख ज्यूल. ताशी १०० वरून बारा-तेरा वेळा थांबण्याइतके हे काम झाले. त्यातला काही भाग हवा आणि इंजिन घेतात. पण पाय सतत ब्रेकवर असेल तर उरलेला सगळा भार डिस्कवर येतो.

ही उष्णता साठवायला जागा किती? ब्रेक दाबला की वजन पुढे झुकते, म्हणून साधारण सत्तर टक्के काम पुढची दोन चाके करतात. पुढची एक डिस्क ९ किलोच्या आसपास असते. हिशेब केला तर ताशी १०० वरून एकदा थांबताना तिचे तापमान ५५ ते ६० अंशांनी चढते. मध्ये निवायला उसंत न देता सात-आठ वेळा असे केले की पारा साडेचारशे अंशांच्या पुढे जातो.

उतारावर थांबण्याची ही अडचण मोटारीहून जुनी आहे. इंग्लंडमधल्या डर्बीशायरच्या डोंगराळ भागात गाडीवान उतारावर ब्रेकच्या लाकडी ठोकळ्यावर जुन्या बुटाचे कातडे लावत. हर्बर्ट फ्रूड याने ते पाहिले आणि १८९७ साली ब्रेकचे अस्तर बनवण्याचा उद्योग सुरू केला. पुढे तोच फेरोडो या नावाने जगभर गेला. डिस्क ब्रेकचे पेटंट फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ मध्ये घेतले होते. पण १९५३ साली ल माँची चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेक लावलेल्या जग्वारने जिंकली, तेव्हा कुठे लोकांना त्याचे महत्त्व पटले. उघड्यावर फिरणारी डिस्क बंद ड्रमपेक्षा लवकर निवते, हे त्यामागचे मुख्य कारण.

आता निदानाकडे येऊ. ब्रेक दोन निरनिराळ्या रीतींनी दगा देतात आणि पायाला त्यांतला फरक कळतो. पहिल्या रीतीत पेडल घट्ट असते, आपण जीव खाऊन दाबतो, पण गाडी घसरत पुढे जात राहते. यात पॅड हरलेले असते. पॅडमधले पदार्थ रेझिनने बांधलेले असतात. मर्यादेपलीकडे तापले की रेझिन जळून वायू सुटतात आणि घर्षण कमी होते. दुसऱ्या रीतीत पेडल स्पंजासारखे मऊ होऊन खाली जाते. यात पॅडचा दोष नसतो. ब्रेक ऑइल उकळलेले असते. द्रव दाबला जात नाही म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतो. त्यात वाफेचे बुडबुडे झाले की पाय नुसते बुडबुडे दाबत राहतो.

आमचे पेडल आत गेले होते. मेस्त्रींनी विचारले, “ऑइल कधी बदललं?” कोणालाच ठाऊक नव्हते. गाडीच्या सर्व्हिसच्या पुस्तकात शेवटची नोंद चार वर्षांपूर्वीची निघाली.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते, झाकण बंद असले तरी हळूहळू शोषतच राहते. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की मानकाप्रमाणे किमान अपेक्षा १५५ अंशांवर येते. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८० आहेत. म्हणजे जुने झालेले उत्तम ऑइल नव्या साध्या ऑइलपेक्षा कमकुवत ठरते. आपल्याकडचा पावसाळा आणि कोकणची दमट हवा लक्षात घेता दर दोन वर्षांनी ते बदलावे, मग गाडी कितीही कमी चालली असो. एक खबरदारी आहे. डॉट ५ हे नाव ५.१ सारखे वाटले तरी ते सिलिकॉनचे निराळे द्रव्य आहे. ते आपल्या गाडीत घालू नये आणि मिसळूही नये.

यानंतर पॅड. महागडे पॅड म्हणजे चांगले पॅड, हा समज सगळ्यांत घातक आहे. शर्यतीचे पॅड ६०० अंशांवरही काम करते, पण ते तापेपर्यंत नीट पकडत नाही. सकाळी थंड गाडी घेऊन कॉलेज रोडवर निघालात आणि समोर शाळकरी मूल आले, तर साधे पॅडच तुम्हांला वाचवील. त्याउलट मूळचे मऊ पॅड शहरात सुखाचे असते, आवाज करीत नाही, पण लांब उतारावर लवकर थकते. या दोहोंच्या मधले, रस्त्यासाठीच बनवलेले जरा कडक पॅड मिळते. ते थंडपणी पकडते आणि उष्णताही अधिक सोसते. बदल्यात चाकावर काळी धूळ जास्त येते, डिस्क थोडी लवकर झिजते आणि कधी चिरका आवाज येतो. घाटातून नेमाने जाणाऱ्या वेगवान सेडानला हे पॅड मानवते.

डिस्कविषयी मला उद्यमबागेतल्या फौंड्रीत काम करणाऱ्या एका पेशंटकडून पुष्कळ कळले. डिस्क ग्रे आयर्नची, म्हणजे आपल्या साध्या बिडाची असते. त्या बिडात ग्रॅफाइटच्या पातळ पाकळ्या असतात. त्या उष्णता पसरवतात आणि कंपही गिळतात. पुढच्या डिस्कच्या दोन पृष्ठांमध्ये पोकळ पन्हाळी असतात, त्यांतून हवा खेळते. भोके पाडलेली डिस्क देखणी दिसते आणि पावसात थोडी उपयोगीही पडते, पण वारंवार तापून निवताना त्या भोकांपाशीच तडे सुरू होतात. खाचा पाडलेली डिस्क पॅडचा पृष्ठभाग खरवडून ताजा ठेवते आणि त्याबरोबर पॅडही झिजवते. रस्त्यावरच्या गाडीला चांगल्या प्रतीची साधी, पोकळ डिस्क पुरते. तिच्यावर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. मोजमाप त्याखाली गेले की डिस्क बदलायची, घासून चालवायची नाही. जाडी घटते तसे उष्णता साठवायचे लोखंडही घटलेले असते.

मग मोठ्या डिस्कचा काही उपयोग नाही का? आहे. लोखंड जास्त असल्याने ती उष्णता जास्त साठवते आणि पुनःपुन्हा जोराने थांबावे लागते तेव्हा टिकते. पण एकदाच करकचून थांबायचे असेल तर अंतर ठरते टायरच्या पकडीवर. ब्रेक दाबताच एबीएस थरथरू लागत असेल, तर टायरला पेलेल त्याहून जास्त जोर तुमच्या ब्रेकमध्ये आधीच आहे. मोठा कॅलिपर तिथे काही करू शकत नाही, चांगले टायर करतात. शिवाय फक्त पुढचे ब्रेक मोठे केले की कारखान्याने जुळवलेला पुढच्या-मागच्या चाकांचा तोल बदलतो, चाकाचे वजन वाढते आणि कधी मोठी रिमही घ्यावी लागते. कायद्याचाही प्रश्न आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ रचनेतल्या बदलांना मर्यादा घालते. त्यामुळे असा संच बसवण्यापूर्वी परिवहन कार्यालय आणि विमा कंपनी या दोघांना विचारावे. मूळ मापाचे पॅड आणि डिस्क बदलणे ही मात्र नेहमीची देखभाल आहे.

आमच्या गाडीचे निदान असे निघाले : ऑइल चार वर्षांचे, पुढच्या डिस्क किमान जाडीला टेकलेल्या, पॅड तिसऱ्या हिश्श्यावर आणि चालक सबंध घाट ऑटोमॅटिक गिअरवर सोडून पाय ब्रेकवर ठेवणारा. चालकाला घाई करणारा मागच्या सीटवर बसला होता. मोठा संच यातल्या फक्त एका गोष्टीवर इलाज होता आणि तीही मूळ मापाच्या नव्या डिस्कने भागत होती.

आम्ही मूळ मापाच्या साध्या डिस्क, रस्त्याचे जरा कडक पॅड आणि नवे ऑइल एवढेच केले. मेस्त्रींनी हबचा गंज घासून काढला, कारण तिथे कण राहिला तर डिस्क तिरकी बसते आणि पुढे पेडल थरथरते. चाकाचे बोल्ट त्यांनी टॉर्क पान्याने ठरल्या जोरावर आवळले. ब्रेकची धूळ हवेच्या झोताने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची, एवढा आग्रह माझा होता. जुन्या अस्तरांत अॅस्बेस्टॉस असे, त्याने फुप्फुसांचे काय होते ते मला ठाऊक आहे. आताची धूळही नाकात घ्यावी अशी नसते.

नवे पॅड रुळवावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून १० पर्यंत आठ-दहा वेळा बऱ्यापैकी जोराने वेग कमी करायचा, पण पूर्ण थांबायचे नाही. मग काही किलोमीटर ब्रेक न लावता चालवून निवू द्यायचे. यातून पॅडचा पातळ, सारखा थर डिस्कवर चढतो आणि पकड बरीचशी त्या थरावरच अवलंबून असते. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून गाडी उभी ठेवली तर तिथे डाग धरतो. ‘डिस्क वाकली’ म्हणून येणाऱ्या पुष्कळ तक्रारींचे मूळ अशा डागांत असते.

महिन्याभराने आम्ही त्याच रस्त्याने पुन्हा गेलो. या वेळी दुपारीच निघालो. उतार लागण्याआधीच मुलाने गिअर हाताने खाली घेतला आणि इंजिनाला गाडी धरू दिली. वळणापूर्वी ब्रेक ठामपणे दाबायचा आणि पुढे पूर्ण सोडून द्यायचा, म्हणजे मधल्या वेळात डिस्कला वारा लागतो. केरीला पोहोचेपर्यंत पेडल जसेच्या तसे घट्ट होते. वाचलेल्या पैशांतून मुलाने चार उत्तम टायर घेतले.

आपल्यापैकी बहुतेकांची नातीगोती घाटाच्या दोन्ही बाजूंना आहेत. लग्न, बारसे, जत्रा या निमित्ताने आपण तो उतार उतरतच राहणार. तेव्हा आज घरी गेल्यावर गाडीचे पुस्तक काढून ब्रेक ऑइल कोणत्या साली बदलले ते पाहावे, आणि मागच्या सीटवर बसणाऱ्या माझ्यासारख्या वडीलधाऱ्यांनी उतारावर “लवकर चल” म्हणू नये, एवढी विनंती करतो.