बडीशेपेच्या बशीतील प्रश्न

साताऱ्यात पोवई नाक्याच्या आसपास आणि सांगलीत विश्रामबागेच्या बाजूला अलीकडच्या काळात कॉफीची नव्या धर्तीची दुकाने दिसू लागली आहेत. तेथे गिऱ्हाईक गल्ल्यापाशी जाऊन मागणी सांगतो, पैसे आधी चुकते करतो आणि आपला पेला आपणच उचलून आणतो. अशा दुकानांत कोठे कोठे गल्ल्याशेजारी टिपेसाठी काचेची बरणी ठेवलेली असते. तिच्याकडे पाहून एखादा विद्यार्थी घुटमळतो. बरणीत काही टाकावे की नाही, टाकल्यास किती, न टाकल्यास आपण कंजूष ठरू काय, असे प्रश्न त्याच्या मनात येतात. हे प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतील. परंतु सेवेचे मोल नेमके कोणी द्यावयाचे, हा जुना आणि अद्याप न सुटलेला प्रश्न त्यांच्या मुळाशी आहे.

जुन्या हॉटेलांचा शिष्टाचार

या दोन्ही शहरांत ‘हॉटेल’ म्हणजे चहा, मिसळ आणि भजी मिळण्याचे ठिकाण. तेथील शिष्टाचार कोणी लिहून ठेवला नव्हता, पण तो सर्वांना ठाऊक होता. टपरीवर उभ्याने चहा घेणारा टीप देत नसे. एस. टी. स्थानकावर गाडी सुटण्याच्या घाईत दोन घोट घेणाऱ्याकडून तशी अपेक्षाही नसे. मात्र कुटुंबासह टेबलाशी बसून जेवण झाले, की बडीशेपेच्या बशीतून बिल येई आणि परत आलेल्या पैशांतील थोडी चिल्लर त्या बशीतच राही. ज्याने पाणी आणले, ताट वाढले, टेबल पुसले, त्याचे ते पैसे. गल्ल्यावर बसलेल्या मालकाला टीप देण्याची कल्पनाही कोणी केली नसती.

हा जुना निकष आजही पुरेसा आहे. जेथे कोणी टेबलापर्यंत येऊन सेवा करतो तेथे यथाशक्ती काही ठेवणे शोभून दिसते; जेथे गिऱ्हाईक स्वतःच पेला उचलतो तेथे बरणी रिकामी ठेवून गेल्यास त्यात संकोचाचे कारण नाही. पेला भरणाऱ्याच्या कौशल्याचे कौतुक वाटून कोणी बरणीत काही टाकले, तर ती त्याची खुशी.

पोस्त, बलुते आणि मर्जी

टीप हा शब्द परका असला, तरी तिच्यामागील कल्पना आपल्याला परकी नाही. पोस्टमन, झाडूवाले यांना दिवाळीत पोस्त देण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. त्याही मागे गेल्यास बलुते येते. सुतार, लोहार, न्हावी यांना खळ्यावर मिळणारा धान्याचा वाटा ही भीक नव्हती, तो हक्क होता. तथापि त्या हक्काचे माप देणाऱ्याच्या हाती असे, आणि गावगाड्याच्या तळाशी असलेल्यांच्या वाट्याला त्या धान्याबरोबर, भाकरीबरोबर अपमानही येई. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत ज्यांचे नाव दाखल झाले, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात वतनासंबंधी विधेयक मांडले. वतनदार महारांचा मोबदला गावकऱ्यांच्या मर्जीवर न राहता निश्चित आणि रोख मिळावा, हा त्यातील एक प्रमुख हेतू होता. ज्याची भाकरी दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते, त्याला मान वर करून उभे राहता येत नाही, हे त्यामागचे सत्य आजच्या उपाहारगृहालाही लागू पडते.

येथेच टिपेचा धोका दिसतो. ती जोवर कृतज्ञतेची खूण आहे, तोवर गोड आहे. परंतु ‘वरचे मिळतेच की’ असे म्हणून मालक पगार कमी ठेवू लागला, की तीच टीप बलुत्याचा दोष घेऊन परत येते. अमेरिकेत हे उघड घडले आहे. तेथील संघराज्याच्या कायद्याने किमान वेतन ताशी सव्वासात डॉलर ठरविले; पण टीप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने २ डॉलर १३ सेंट दिले आणि उरलेली रक्कम टिपेतून भरून निघाली, तरी कायद्याचे समाधान होते. हा २ डॉलर १३ सेंटांचा आकडा १९९१ पासून हललेला नाही. काही राज्यांनी याहून चांगले नियम केले. इतरत्र मात्र वेतनाचा मोठा भाग गिऱ्हाइकाच्या लहरीवर सोपविला गेला. उलट जपानमध्ये टीप देण्याची पद्धतच नाही आणि तरीही तेथील सेवा जगात वाखाणली जाते. चांगली सेवा टिपेच्या आमिषानेच मिळते, हा समज यावरून खोटा ठरतो.

कर, शुल्क आणि टीप

आपल्याकडील कायद्याची दिशा स्पष्ट आहे. १९४८ च्या किमान वेतन कायद्यापासून २०१९ च्या वेतनसंहितेपर्यंत, वेतन देणे हे मालकाचे कर्तव्य मानले गेले आहे. हॉटेलने कार्डावरून गोळा करून कर्मचाऱ्यांत वाटलेली टीप म्हणजे मालकाने दिलेला पगार नव्हे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली प्राप्तिकराच्या एका प्रकरणात दिला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढून बिलात सेवा शुल्क आपोआप लावण्यास किंवा दुसऱ्या नावाखाली वसूल करण्यास मनाई केली. हॉटेलचालकांच्या संघटनांनी त्यांना आव्हान दिले. पण २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने या सूचना उचलून धरल्या.

बिल हाती घेणाऱ्याने तीन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात. वस्तू व सेवा कर सरकारचा. तो टाळता येत नाही. सेवा शुल्क मालकाच्या खात्यात जाते आणि ते देण्याची सक्ती नाही. सक्ती झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार करता येते. टीप मात्र कामगाराची, आणि ती सर्वस्वी ऐच्छिक.

येथे एक नवी अडचण उभी राहिली आहे. मोबाइलवरून पैसे देण्याची पद्धत रूढ झाल्यापासून बशीत उरणारी चिल्लरच नाहीशी झाली. गल्ल्यावरील चौकोनी चित्रावर पाठविलेले पैसे मालकाच्या खात्यात जातात. त्यातील वरचे दहा रुपये वाढप्यापर्यंत पोहोचतील याची शाश्वती काय? ब्रिटनने २०२३ साली कायदा करून, सर्व टीप कामगारांतच न्याय्य रीतीने वाटण्याचे बंधन मालकांवर घातले. तो १ ऑक्टोबर २०२४ पासून अमलात आला. आपल्याकडे कायद्याची वाट न पाहता मालकांना एक वही ठेवता येईल. टीप म्हणून आलेली रक्कम तीत रोज मांडावी आणि तिचा वाटा केवळ वाढणाऱ्यालाच नव्हे, तर भट्टीपाशी उभा असलेला आचारी आणि मागे मोरीत कपबशा विसळणारी बाई यांनाही मिळावा. हे होईपर्यंत ज्याला द्यावयाचे आहे त्याने दहाची नोट खिशात ठेवून हातात द्यावी, हा साधा उपाय आहे.

नाण्याहून मोठे सौजन्य

मात्र टीप देऊन सगळी जबाबदारी फिटत नाही. १० ऑक्टोबर २००६ पासून हॉटेले आणि ढाब्यांत चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी आहे. टेबल पुसणारा मुलगा तेवढ्या वयाचा दिसत असेल, तर त्याच्या हातावर पाच रुपये ठेवणे ही दया नव्हे. १०९८ या क्रमांकावर कळविणे ही खरी मदत होय. आणि तो वयाने मोठा असेल, तर त्याला ‘ए पोऱ्या’ म्हणून हाक मारण्याचे कारण काय? कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे साताऱ्यातून ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र घरोघरी पोहोचविला. श्रम करून शिकणाऱ्याला कमी लेखू नये, हे ज्या मातीने महाराष्ट्राला शिकविले, तेथे कपबशी उचलणाऱ्याला ‘दादा’ म्हणणे जड जाऊ नये. स्वयंपाकघरातील उशिराचा राग त्याच्यावर काढू नये आणि द्यावयाचे नाणे टेबलावर फेकू नये, इतके तर कोणालाही पाळता येईल.

महिनाअखेरीस हात आखडता घ्यावा लागणारे शिक्षक आणि कारकून, किंवा एका कपात दोघे भागविणारे विद्यार्थी यांनी टीप देता येत नाही म्हणून ओशाळण्याचे कारण नाही. त्यांच्यापाशी खिसा नसला तरी जीभ आहे, आणि निघताना ‘चहा छान होता, दादा’ म्हणायला काही खर्च येत नाही. कामगाराचे पोट मात्र अशा शब्दांवर वा बशीतल्या चिल्लरवर भरावे असे कोणी समजू नये. त्यासाठी महिन्याच्या महिन्याला पुरेसा पगार आणि आठवड्याची सुट्टी लागते, आणि ती देण्याची जबाबदारी गल्ल्यावर बसणाऱ्याची आहे.